रक्त सांगत नाही

"पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन या, त्यांचंही रक्त तपासायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा ती त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. भिंत फिकट हिरवी होती, पण खिडकीखाली जिथं डागडुजी झाली होती तिथला हिरवा जरा पिवळट होता. कुणीतरी डोळ्यांच्या अंदाजानं मिसळून मारून टाकला होता. काळा थोडा कमी पडला, असं तिच्या मनात आलं. रंगाच्या दुकानात इतकी वर्षं छटा जुळवण्याचं काम केल्यावर भिंती नुसत्या भिंती राहत नाहीत. लोक निघालेल्या रंगाची खपली कागदात गुंडाळून आणतात, अस्साच हवा म्हणतात, आणि ती पांढऱ्यात थेंब थेंब सोडत त्या खपलीपर्यंत पोचते. त्यामुळे ते वाक्य तिच्यापर्यंत यायला वेळ लागला. नवऱ्याचं रक्त? पोट तर तिचं होतं. सहावा महिना सरत येईपर्यंत तिनं ते दुकानाच्या ढगळ एप्रनखाली सांभाळलं होतं आणि दवाखान्याची पायरी चढली नव्हती. मागच्या वेळी तिसऱ्यातच सगळ्या दुनियेला सांगून झालं होतं, आणि त्याचं काय झालं ते दुनियेनं पाहिलंच होतं. या वेळी घरच्या दोघांखेरीज सगळ्यांपुढं झाकली मूठ. न बोलता, न दाखवता नेलं तर कदाचित नेता येईल, असं काहीतरी तिनं स्वतःशी ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणण्यापेक्षा तसं होत गेलं होतं.

"त्यांचं कशाला?" तिनं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी दार नीट लागलंय का ते बघितलं आणि आजाराचं नाव सांगितलं. सिफिलिस. ते नाव तिनं ऐकलं होतं. म्हणजे वाचलं होतं, बसथांब्याच्या मागच्या भिंतीवर, गुप्तरोगाच्या अर्धवट फाटलेल्या जाहिरातीवर, जिच्यातल्या चेहऱ्याला कुणीतरी पेनानं मिशा काढलेल्या असत. ते नाव इतरांचं होतं, रात्री उशिरा बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्यांचं. ती तर दिवसाउजेडी बसनं जाणारी, रांगेत उभी राहणारी बाई. "चूक झाली असेल," ती म्हणाली. "दोनदा करून घेतलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणून तर चार दिवस लागले. पहिलं बाळ कोणत्या महिन्यात गेलं म्हणालात?" "सातवा संपत आला होता." "तेव्हा ही तपासणी झाली होती?" "रक्त घेतलं होतं. साखर बघितली, हिमोग्लोबिन बघितलं. आणखी काही कुणी बोललं नाही." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या नाकावर चष्म्याचे दोन लाल वळ होते. "आता खात्रीनं सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण बहुतेक यानंच गेलं. पोटातल्या पोटात पोचतं ते बाळापर्यंत."

बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली. खुर्चीचे पाय फरशीवर घासत गेल्याचा तो आवाज पुढं कित्येक दिवस तिला ऐकू येत राहिला. त्या क्षणी तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिनं विचारलं ते एवढंच, "कुणाकडून?" आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त एवढंच सांगतं की आहे. कधीपासून, कुणाकडून, ते रक्त सांगत नाही. आणि मीही विचारणार नाही. वर्षानुवर्षं अंगात गुपचूप बसून राहतं ते, दुखत नाही की खुपत नाही. मला तुम्हा तिघांना औषध द्यायचंय, बस्स. तुम्हाला दिलं की बाळालाही पोचतं. तीन इंजेक्शनं, आठवड्याला एक. खाडा करायचा नाही, खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून. आणि शेवटचं बाळंतपणाच्या चांगलं महिनाभर आधी व्हायला हवं, नाहीतर जन्मल्यावर त्या जिवालाही टोचत बसावं लागेल." तुम्हा तिघांना. आतापर्यंत कुणी तीन असं मोजलं नव्हतं. तिनंही नाही.

पहिलं इंजेक्शन तिनं त्याच दिवशी घेतलं. आधी हातावर जरासं टोचून, सोसतंय का ते बघितलं, मग नर्सनं कुपी दोन्ही तळव्यांमध्ये धरून बराच वेळ चोळली. "फार घट्ट असतं हो हे," ती म्हणाली, "गार असलं तर सुईतच अडकतं." कुपीतलं औषध पांढरं होतं, पातळ न केलेल्या प्रायमरसारखं, आणि ते मांसात शिरताना तिला त्याचा घट्टपणा कळत होता, जणू आत कुणी दगड हळूहळू रुतवत होतं. संध्याकाळी ताप चढला. नर्सनं सांगितलं होतं की असा ताप येतो, औषध लागू पडतंय असं समजायचं, पण पोटातलं हलायचं थांबलं तर लगेच यायचं. आणि ते हलायचं थांबलं. म्हणजे थांबलं होतं की तिला तापात कळत नव्हतं? ती आतल्या खोलीत कुशीवर पडून, दोन्ही तळहात पोटावर ठेवून वाट बघत राहिली. बाहेरच्या खोलीत सासूबाई कुणाशीतरी फोनवर बोलत होत्या, "आमचा मुलगा दुनियेला वर नेतो नि स्वतः चार जिने चढून घरी येतो!" हा त्यांचा नेहमीचा विनोद होता. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा आणि इमारतीला लिफ्ट नाही. समोरच्यानं हसायला किती वेळ घेतला ते सासूबाईंच्या थांबण्यावरून कळत होतं. तेवढ्यात तिच्या उजव्या तळव्याखाली एक टिचकी बसली, मग दुसरी. ती तशीच निपचित पडून राहिली. इतका आनंद झाला होता की हलायची भीती वाटली.

तळव्यांवरूनच तिला ते आठवलं. एकदा, केव्हातरी, तिच्या दोन्ही तळहातांवर डाग आले होते. तांबूस, मसुरीएवढे, खाज नसलेले. दुकानाचे मालक म्हणाले होते, थिनर लागलंय, हातमोजे घालत जा म्हणून कितीदा सांगितलं. तिनं हातमोजे घातले, डाग गेले, गोष्ट संपली. आता ती त्या डागांकडे परत परत जाऊ लागली. डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की हो, सुरुवातीला असे येतात, आपोआप जातात, लोकांना वाटतं बरं झालं. म्हणजे डाग आले तेव्हाची तारीख कळली की सगळं कळणार होतं. तिला चित्र स्वच्छ दिसायचं. दुकानामागची मोरी, वरून येणारा उजेड, नळाखाली उलटे धरलेले आपले हात. पण ते लग्नाआधीचं की नंतरचं? ती चित्रात आपल्या बोटाकडे बघायची. अंगठी होती की नव्हती? कधी अंगठी असायची, अगदी नवी, साबणाच्या फेसात चमकणारी. मग ती सुटकेचा श्वास टाकायची, आणि त्या सुटकेचीच लाज वाटून पुन्हा बघायची, तर बोट रिकामं. हिशेबाचं काउंटर सांभाळता सांभाळता, गिऱ्हाईकाच्या खपलीशी छटा जुळवता जुळवता, बसच्या दांड्याला धरून उभी असताना ती त्या मोरीशी जाऊन नळ सोडायची. बघून बघून चित्र झिजत चाललं. शेवटी तिला आठवत होतं ते चित्र की चित्र आठवल्याचं आठवत होतं, तेही कळेना.

लग्नाआधी एकजण होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. रंग न्यायला यायचा, आणि लाल घेताना नेहमी म्हणायचा, तुमच्याकडचा लाल खोटं बोलत नाही. त्याच्या मित्राच्या खोलीवर ती सातआठदा गेली असेल. खोलीत एक सायकल होती, तिच्यावर कपडे टाकावे लागत. पुढं तो दुसऱ्या गावी मोठ्या कामावर गेला. जातो म्हणालाही नाही, आणि तिला त्याचं तितकं दुःखही झालं नाही. आश्चर्य वाटलं ते त्याचं. नवऱ्याला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तिला वाटायचं. आता मात्र वाटत होतं की कुणीही न विचारणं म्हणजे काही स्वच्छ असणं नव्हे.

आणि घरात दुसरीच गोष्ट रुजून बसली होती. पहिलं बाळ गेलं त्याच्या पंधरवडाभर आधी सासूबाईंनी तिला बाहेरच्या खोलीचे पडदे काढायला सांगितले होते. जाड होते, धूळ बसली होती, आणि सासूबाईंचा खांदा आखडलेला. ती स्टुलावर चढली, उतरली, पडली-बिडली काही नाही. पण नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं कारण शोधायचं, आणि स्टूल समोरच होतं. स्टुलावर चढली म्हणून. कुणी म्हणालं, रंगाचा वास. कुणी म्हणालं, इतका वेळ उभं राहणं. शेवटी सगळे स्टुलापाशीच येऊन थांबले. सासूबाईंनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. त्यांनी ते पडदे धुतले, घडी घातली, पलंगाखालच्या ट्रंकेत टाकले आणि पुन्हा लावले नाहीत. दोन वर्षं बाहेरच्या खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या इमारतीतली माणसं यांना जेवताना बघायची, हे त्यांना बघायचे. उन्हाच्या वेळी सासूबाई डोळ्यांवर हात धरून शिवणयंत्रावर बसायच्या. पडदे लावू या का, असं एकदा नवरा म्हणाला होता तेव्हा त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. सूनबाईला त्या जड काही उचलू देत नसत, भरली बादलीसुद्धा. तिला वाटायचं हा राग आहे, उलटा घातलेला. आता, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून, तिला दिसू लागलं की तो राग नव्हताच. स्टुलाचं ओझं त्या म्हाताऱ्या बाईनं आपल्या डोक्यावर घेतलं होतं आणि ती ते खाली ठेवत नव्हती. खाली ठेवायला सांगायचं तर मग खरं कारणही सांगायला हवं होतं.

नवऱ्याला तिनं रविवारी दुपारी सांगितलं, सासूबाई झोपल्यावर, स्वयंपाकघराचं दार लोटून. तो ओट्याला टेकून चहा पीत होता. बोटांच्या पेरांमध्ये ग्रीसची काळी रेघ, जी कुठल्याही साबणानं जात नसे. तिनं आजाराचं नाव घेतलं, पहिल्या बाळाचं सांगितलं, इंजेक्शनांचं सांगितलं. त्यानं कप विसळून पालथा घातला, पुन्हा उचलला, पुन्हा विसळला. मग म्हणाला, "माझंच असेल." एवढंच. त्या दुसऱ्या शहरात, कंपनीनं पाठवलं होतं तेव्हा, दोन वर्षं, एकटा... त्यानं वाक्य पुरं केलं नाही आणि तिनं करायला लावलं नाही. "मी येतो दवाखान्यात," तो म्हणाला. आणि गेला, रक्त देऊन आला, त्याच्याही रक्तात निघालं. दोन्हीकडे आहे, म्हणजे काहीच कळलं नाही.

माझंच असेल. त्या वाक्याच्या सावलीत ती काही दिवस राहिली. सावली गार होती. त्यात बसून तिला त्याच्यावर रागावता येत होतं, त्याला माफ करता येत होतं, मोठ्या मनाची होता येत होतं. तो घरी आला की खाली बघायचा, भाजी निवडून द्यायचा, आईशी उगाच जोरात बोलायचा. कधी तिला वाटायचं की तो खरंच कबूल करतोय. कधी वाटायचं की तो फक्त दार उघडं धरून उभा आहे, तिनं त्यातून बाहेर निघून जावं म्हणून. लिफ्टमध्ये माणसं अडकली की आधी काय करायचं, ते त्यानं तिला लग्नाच्या सुरुवातीला सांगितलं होतं. दोर-बीर नंतर, आधी वरून हाक मारायची, मी इथं आहे, ऐकू येतंय ना? माणूस अंधारापेक्षा एकटेपणाला जास्त घाबरतो. तिला ते आठवलं आणि सावलीत बसवेना.

दुसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी दोघं बसथांब्यावर उभी असताना ती म्हणाली, "माझंही असू शकेल." त्याला आधी ऐकू आलं नसावं, कारण तो बस कुठली येतेय ते बघत होता. तिनं पुन्हा म्हटलं. लग्नाआधी, एकजण होता, मला डाग आले होते, कधी ते आठवत नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. एखाद्या यंत्राचा आवाज अचानक बदलल्यावर बघावं तसं. मग तो वळला आणि चालायला लागला, दवाखान्याच्या उलट दिशेला, सरळ पाठीनं, आणि चौकातून डावीकडे दिसेनासा झाला. बस आली, गेली. दुसरी आली. एकटीनं जायला काही हरकत नव्हती. सुई तिलाच टोचायची होती. पण ती बाकावर बसून राहिली. तिला स्वतःला शिक्षा करायची होती, आणि त्या वेळी तिच्या मनातून उतरलंच की शिक्षा भोगणारं अंगात आणखी एक आहे. एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले, म्हणाले, "पोरी, तुझी बस गेली वाटतं." "हो," ती म्हणाली.

तो घरी आला नाही. आईला त्यानं फोन करून सांगितलं की मोठ्या इमारतीत नवं काम लागलंय, तिकडेच झोपतो. "दुनियेला वर नेतो..." सासूबाईंनी सुरुवात केली आणि सुनेचा चेहरा बघून अर्ध्यावरच सोडलं. तिनं इंजेक्शन उद्यावर ढकललं, मग परवावर. रोज सकाळी निघायची आणि दुकानात पोचायची. पांढऱ्यात पिवळा, पिवळ्यात काळा. एकदा थेंब पडला की काढता येत नाही, फक्त पांढरं वाढवत बसायचं. मालक म्हणाले, "अहो बाई, गिऱ्हाइकाला खोली रंगवायचीय, गाव नाही." डब्यात रंग काठोकाठ आला होता. मग दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरीणबाई स्वतः बोलत होत्या, आणि त्यांनी आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. "आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल," त्या म्हणाल्या. "वेळ आपल्याकडे कमी आहे. तुमचं जे काही चाललं असेल ते चालू द्या, पण इथं या."

दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, तोच शर्ट. दुकानात एक गिऱ्हाईक दोन पांढऱ्यांतला फरक विचारत होतं, आणि ती सांगत होती की हा उबदार पांढरा, तो थंड पांढरा. तो गिऱ्हाइकाचं संपेपर्यंत थांबला. "चल," तो म्हणाला. दवाखान्याच्या पायऱ्यांशी तो म्हणाला, "मला कोण ते विचारायचं नाही. म्हणजे विचारायचंय. पण आत्ता नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "मी तरी तुला कुठं सांगितलं होतं?" आत तो तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसला. त्या आठवड्यात एक खुर्ची, पुढच्या आठवड्यातही एकच. तिसऱ्या वेळी गर्दी होती म्हणून शेजारी बसला, आणि गर्दी ओसरल्यावर उठला नाही. सुई टोचून घेऊन दोघं कमरेवर हात ठेवून लंगडत बाहेर आली तेव्हा रिक्षावाल्यानं विचारलं, "अपघात झाला काय?" आणि त्याला हसू फुटलं, तिला फुटलं, आणि रिक्षात बसल्यावर तो बाहेर तोंड करून बराच वेळ डोळे पुसत राहिला.

तिसरं इंजेक्शन होऊन महिना भरला नव्हता तोच कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. मुलगी झाली. रडली, हे तिनं सगळ्यात आधी ऐकलं, आणि त्या रडण्याला धरून ती पुढचे दोन तास तरंगत होती. मुलगी लहान होती, हाताच्या ओंजळीत मावेल अशी, कातडी पिवळसर, पोट जरा वर आलेलं, नाक सारखं चोंदणारं. मुलांचे डॉक्टर म्हणाले, आईचं औषध उशिरा पुरं झालं, त्यामुळं आम्ही धोका पत्करत नाही. हिला दहा दिवस रोज इंजेक्शनं द्यायची, हाडांचे फोटो काढायचे, पाठीतलं पाणी तपासायचं. ती ऐकत होती. बसथांब्यावरचा तो बाक तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो आता कायम तिथंच राहणार हे तिला कळत होतं. स्टूल खोटं होतं. बाक खरा होता.

सासूबाईंना नवऱ्यानं कावीळ म्हणून सांगितलं. त्या रोज सकाळी चार जिने उतरून, बस बदलून यायच्या, लहान मुलांच्या कक्षाबाहेरच्या बाकावर बसायच्या, काचेतून बघायच्या. मुलीच्या हाताला पट्टीनं बांधलेली सुई होती. सातव्या की आठव्या दिवशी, नवरा कामावर गेलेला असताना, त्या काचेपासून वळून तिच्याशेजारी येऊन बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. "खरं सांग," त्या म्हणाल्या, "या वेळी माझ्याकडून काय झालं?" तिला आधी कळेना. "तुला मी भरली बादली उचलू दिली नाही, पिशवी उचलू दिली नाही. त्या दिवशी तेवढं शिवणयंत्र सरकवायला हात लावलास, मी ओरडलेच होते. त्यानं झालं का? मागच्या वेळी मीच म्हटलं होतं ना, पडदे काढ. कुणी तोंडावर बोललं नाही. तू पण नाही बोललीस. पण मला काय कळत नाही होय?"

काचेपलीकडे नर्स एका पाळण्यावरून दुसऱ्यावर वाकत होती. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची तर हीच वेळ होती; कावीळ म्हणायचं, पुष्कळांना होते म्हणायचं. सासूबाईंनी मानही डोलावली असती. आणि घरी जाऊन पुढची वीस वर्षं दोन स्टुलं डोक्यावर घेऊन वावरल्या असत्या. "आई," ती म्हणाली, "पडद्यांनी काही झालं नव्हतं." "मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस." "नाही. आमच्या रक्तात आजार निघालाय. माझ्या आणि ह्यांच्याही. तो पोटातल्या बाळाला लागतो. त्यानं ते बाळ गेलं. हिला इंजेक्शनं चाललीत ती त्याचीच." आणि तिनं नाव सांगितलं. सासूबाईंच्या पिढीला ते नाव वेगळ्या शब्दानं माहीत होतं. तो शब्द त्यांच्या ओठांवर आला नि तिथंच थांबला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकलं का ते. "त्याचं की तुझं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "माहीत नाही. दोघांपैकी कुणाचंही असेल. रक्त सांगत नाही."

"हे मला कशाला सांगितलंस?" सासूबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, आणि तो कशानं कापतोय ते ठरत नव्हतं. "आपलेच दात, आपलेच ओठ. आता मी कुणाकडे बघू?" मग एकदम म्हणाल्या, "तुला कधी कळलं?" "सहाव्या महिन्यात." सासूबाईंनी बोटं मोजली नाहीत, पण हिशेब झाला. "म्हणजे इतके दिवस तू बघत होतीस," त्या म्हणाल्या, "मी बादल्या उचलत होते ते." माफी मागावी तर शब्द फार लहान होता. सासूबाई उठल्या, चालत व्हरांड्याच्या टोकाशी गेल्या, तिथल्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. जातील आता, तिला वाटलं. निघून जातील आणि घरी मुलाला विचारतील, आणि मग घर म्हणून जे होतं ते उरणार नाही. ती बसून राहिली. टाके ओढत होते. दूध झिरपून ब्लाउज ओला झाला होता.

सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा होता. बसल्या.

"तिला मी घेतलं होतं," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"थोरलीला."

तो शब्द आजवर घरात कुणी उच्चारला नव्हता. तेव्हा ते 'ते' होतं; ते गेलं, ते झालं, ते विसर. मुलगी होती इतकंच तिला कुणीतरी सांगितलं होतं. दाखवलं नव्हतं, आईनं बघू नये, असं सगळ्यांचं एकमत झालं होतं, आणि ती गुंगीत होती. तिला वाटायचं, कुणीच बघितलं नसेल. नर्सनं कापडात गुंडाळलं असेल आणि संपलं असेल.

"नर्स नको म्हणत होती," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, द्या इकडं, आजी आहे मी तिची. कापडातच धरली. हातापायांची सालं निघाली होती, उकडल्यासारखी. मला वाटलं माझ्यामुळं निघाली. कुणाला बोलले नाही मी, ह्याला पण नाही. ह्यानं तर बघितलंच नाही, जिन्यात बसला होता." त्या थांबल्या. "जड होती गं. या धाकटीपेक्षा जड. इतकी होती." त्यांनी दोन्ही हात पुढं करून अंतर दाखवलं, आणि हात खाली घ्यायचे विसरल्या.

तिनं त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघितलं. "केस होते?"

"होते की. काळेभोर, ओले, कपाळाला चिकटलेले."

"आणि कुणासारखी?"

कक्षाचं दार उघडून नर्सनं हाक मारली, बाळाची आई कोण, दूध पाजायची वेळ झाली. ती उठली नाही. सासूबाईंनी नर्सला हातानं थांब म्हणून खूण केली. "आले, आले, एक मिनिट," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळल्या. तिचा चेहरा त्यांनी पहिल्यांदाच बघत असल्यासारखा नीट बघितला, आणि मग कपाळापासून सांगायला सुरुवात केली.